वसईचा किल्ला : लष्करी ठाण्यापासून रक्षित स्मारकापर्यंत

उल्हास नदीचें पाणी खाडीवाटे जेथें अरबी समुद्रास मिळतें, तेथें खाडीच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला उभा आहे. शंभर एकरांहून अधिक भूमि कवेंत घेणारा त्याचा दशकोनी तट, त्या तटांतील बुरूज, आणि आंत झाडाझुडपांतून डोकें वर काढणाऱ्या बिनछपराच्या देवळांच्या भिंती, हें दृश्य आमच्या प्रांतांतील प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याच्या परिचयाचें आहे. परंतु अतिपरिचयामुळें एक प्रश्न आपल्या मनांत सहसा उद्भवत नाहीं. पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या तीन सत्तांनीं एकामागून एक ज्यासाठीं रक्त सांडलें, आणि पुढें ज्याची कोणासच गरज उरली नाहीं, तो किल्ला अजून उभा कसा? मुंबईच्या किल्ल्याचे तट शहराच्या वाढीस अडथळा होऊं लागतांच १८६० नंतरच्या दशकांत पाडून टाकण्यांत आले. ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग झाला. मग वसईच काय ती कशी वांचली? आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं या प्रश्नाचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण जुन्या वास्तूंचें रक्षण आपोआप होत नाहीं, तें कोणाला तरी करावें लागतें, हाच या इतिहासाचा बोध आहे.

किल्ल्याचा आरंभ युद्धांतून झाला. गुजराथचा सुलतान बहादुरशहा याच्या ताब्यांत वसई असतां १५३३ सालीं पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यानें तीवर स्वारी करून तेथील तटबंदी उद्ध्वस्त केली. पुढील वर्षीं, म्हणजे १५३४ च्या डिसेंबरांत, मोंगल बादशहा हुमायून याच्या भीतीनें ग्रस्त झालेल्या बहादुरशहानें तह करून वसई, तिच्याखालील प्रदेश व मुंबईचीं बेटें पोर्तुगालच्या राजास देऊन टाकलीं. १५३६ सालीं गार्सिया द सा या पहिल्या कप्तानाच्या हाताखालीं किल्ल्याचें काम सुरू झालें. आरंभींचा किल्ला लहान होता. त्याचे अवशेष आजही मोठ्या तटाच्या आंत दिसतात. सोळावें शतक संपतां संपतां त्याच्याभोंवतीं हल्लींचा विस्तीर्ण तट उभा राहिला. एक दरवाजा जमिनीच्या बाजूस, दुसरा बंदराच्या बाजूस, तटाची उंची तीस फुटांच्या वर, आणि बुरुजांस संतांचीं नांवें, अशी त्याची रचना होती. उत्तरेकडील प्रांताचें, म्हणजे दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलुखाचें, मुख्य ठाणें तें हेंच.

तटाच्या आंत एक संपूर्ण शहर वसलें होतें. सरदारांचे वाडे, न्यायकचेरी, इस्पितळ, बाजार, आणि निरनिराळ्या संन्यासी संघांचीं देवळें व मठ तेथें होते. संत जोसेफ यांच्या मुख्य देवळाच्या दरवाजावरील लेख सांगतो कीं, १६०१ सालीं, आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांच्या कारकीर्दींत, तें नव्यानें बांधण्यांत आलें. फ्रान्सिस्कनांचें संत अँथनीचें देऊळ, येशूसंघाचें येशूच्या पवित्र नांवाचें देऊळ व त्यांचें विद्यालय, डोमिनिकनांचा व ऑगस्टिनियनांचा मठ, हीं सारीं एका हाकेच्या अंतरावर होतीं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीस लागले. वसईचा दगड तर इतका नांवाजलेला होता कीं, गोव्यांतील बोम जेजूच्या देवळाच्या दर्शनी भागासाठीं तो येथून समुद्रमार्गें नेण्यांत आला. त्याच देवळांत आज संत फ्रान्सिस झेवियर यांचें शरीर ठेवलेलें आहे.

याच शहरांत सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज पिता व वसईकर माता यांच्या पोटीं, गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. किल्ल्यांतील येशूसंघाच्या विद्यालयांत ते शिकले, जपानांत गेले, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर त्यांनीं प्राणार्पण केलें. १८६२ च्या जून महिन्यांत नववे पायस पोप यांनीं त्यांस संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोंचलेले ते पहिले होत.

हें सर्व आम्हांस भूषणावह आहे. परंतु सत्याशीं प्रामाणिक राहावयाचें तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किल्ला हा प्रथम किल्लाच होता. तो जिंकलेली भूमि जिंकलेलीच राखण्याकरितां बांधला गेला. ज्या राजसत्तेच्या आश्रयानें येथें देवळें उभीं राहिलीं, तिच्याच अमलाखालीं या प्रांतांतील हिंदूंचीं देवस्थानें पाडलीं गेलीं व त्यांच्या धर्माचरणावर बंधनें आलीं. जुन्या दगडांचें रक्षण करूं इच्छिणाऱ्यानें त्या दगडांनीं पाहिलेलें सर्व कांहीं ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. निवडक तेवढेंच ऐकणें म्हणजे इतिहास जपणें नव्हे.

१७३९ च्या फेब्रुवारींत चिमाजी अप्पा यांच्या फौजांनीं वसईस वेढा घातला. तिन्ही बाजूंस पाणी व दलदल असल्यामुळें हल्ला करण्यास उत्तरेकडची बाजू तेवढी मोकळी होती. मराठ्यांनीं तटापर्यंत मोर्चे नेले, भिंतीखालीं सुरुंग खणले, आणि मे महिन्यांत सान सेबास्तियन बुरुजास खिंडार पाडलें. दोन्हीकडील वीरांनीं पराकाष्ठा केली. किल्ल्याचा सेनापति सिल्व्हेर द मेनेझिश वेढ्यांतच पडला. त्याच्या मागून आलेल्या कायतानो द सोझा परेर यानें १६ मे रोजीं शरणागतीचा करार केला. त्या कराराचीं कलमें आम्ही ख्रिस्ती लोकांनीं विसरूं नयेत अशीं आहेत. पराजितांस शस्त्रांसह सन्मानानें निघून जाऊं दिलें गेलें, आणि जे ख्रिस्ती स्वेच्छेनें मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें देवाची उपासना करण्याची मोकळीक मिळाली. गोरे सरदार व बहुतेक संन्यासी जहाजांत बसून निघून गेले. गांवोगांवचा शेतकरी, कोळी व कारागीर ख्रिस्ती मात्र येथेंच राहिला. आपण त्यांचे वंशज आहों. किल्ला पडला, पण श्रद्धा पडली नाहीं. ती तटाबाहेर, वाड्यावस्त्यांत, वाडीबागांत जिवंत राहिली.

विजयाच्या खुणा म्हणून देवळांच्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिक येथें नारोशंकराच्या देवळांत टांगलेली मोठी घंटा त्यांपैकींच असें मानतात. लढाईपूर्वीं केलेल्या नवसाप्रमाणें चिमाजी अप्पांनीं वज्रेश्वरी देवीचें मंदिर उभारलें. किल्ल्याच्या आंतही नागेश्वर महादेवाचें देऊळ उभें राहिलें; तें आजही आहे. अशा रीतीनें एकाच तटाच्या आंत दोन धर्मांच्या व दोन राज्यांच्या स्मृति शेजारीशेजारीं येऊन बसल्या.

त्यानंतर किल्ल्याचें नशीब फिरलें. १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्ड यानें वेढा घालून तो इंग्रजांकरितां जिंकला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो मराठ्यांस परत मिळाला. १८०२ सालच्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांशीं तो प्रसिद्ध तह केला कीं ज्यानें पेशवाईचें स्वातंत्र्य संपलें. आणि १८१८ सालीं पेशवाईबरोबर वसईही कायमची इंग्रजांकडे आली. येथपासून किल्ल्याचें लष्करी आयुष्य समाप्त झालें. इंग्रजांचें बळ मुंबईच्या बंदरांत होतें. त्यांना वसईच्या तटाचें प्रयोजन उरलें नाहीं. वसईचा व्यापारही मुंबईकडे गेला. येथें रहदारीसाठीं भिंत पाडावी अशी निकड कोणास नव्हती, कारण रहदारीच नव्हती. वसईचें दुर्दैव हेंच तिच्या तटाचें सुदैव ठरलें.

परंतु उपेक्षा म्हणजे रक्षण नव्हे. तट राहिला तरी आंतील शहर ढांसळत गेलें. माणसांचा वावर संपल्यावर छपरें गेलीं, छपरें गेल्यावर पावसाळ्याचें पाणी भिंतींत मुरूं लागलें, चुना सैल झाला, आणि वड-पिंपळांच्या मुळ्यांनीं दगडास दगड सुटा केला. किल्ल्यांतील जमीन पट्ट्यानें देण्यांत आली. जेथें पूर्वीं सरदारांचे वाडे होते तेथें ऊस पिकला, आणि साखरेचा कारखानाही आंत चालला. घडीव दगड फुकट मिळत असतां नवा दगड कोण फोडणार? पडक्या इमारती ही दगडांची खाणच, अशी जगांतील सर्व देशांत लोकांची समजूत असते. या स्थितींत आणखी शंभर वर्षें गेलीं असतीं, तर शिलालेख पायऱ्यांखालीं गडप झाले असते व देवळांचीं नांवेंही आपणांस सांगतां आलीं नसतीं.

हा ऱ्हास थांबण्यास प्रथम कारण झाली ती लेखणी. मुंबईत वैद्यकी करणारे, मूळचे गोव्याचे, डॉक्टर जुझे जेर्सन द कुन्हा हे आपल्याच समाजांतील विद्वान गृहस्थ होते. नाणीं, शिलालेख व जुन्या पोथ्या यांचा त्यांना मोठा व्यासंग होता. संस्कृतांतील सह्याद्रिखंडाची प्रत त्यांनींच संपादून प्रसिद्ध केली. त्यांनीं वसईच्या अवशेषांत हिंडून कबरींवरील व दरवाजांवरील लेख वाचले, त्यांची पोर्तुगीज बखरींशीं ताडणी केली, आणि १८७६ सालीं चौल व वसई यांच्या इतिहासावर व प्राचीन अवशेषांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरांत किल्ल्याचें सविस्तर वर्णन आलें. विसाव्या शतकांत ब्राझ फर्नांडिस यांनीं या अवशेषांची मार्गदर्शिका लिहिली. जोंपर्यंत एखादी वस्तु काय आहे हें कोणी लिहून ठेवलेलें नसतें, तोंपर्यंत ती नुसता दगडांचा ढीग असते. लिहून ठेवल्यावर ती पुरावा होते, आणि पुराव्याची चोरी लोकांच्या लक्षांत येते. द कुन्हा यांनीं एकही भिंत सांवरली नाहीं. पण भिंत सांवरण्याचें कारण त्यांनीं जगापुढें ठेवलें.

लेखणीमागून कायदा आला. सरकारचें पुराणवस्तु खातें १८६१ सालीं स्थापन झालें होतें, व पश्चिम हिंदुस्थानासाठीं १८७४ पासून जेम्स बर्जेस यांनीं पाहणीचें काम चालविलें होतें. परंतु पाहणी करणें वेगळें व रक्षण करणें वेगळें. जुन्या इमारतीची मोडतोड करणाऱ्यास अडविण्याचा परिणामकारक अधिकार लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत, १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यानें, सरकारच्या हातीं आला. सरकारनें जाहीरनाम्यानें एखादी वास्तु रक्षित ठरविली म्हणजे तिची नासधूस करणाऱ्यास पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शके. वसईचा किल्ला या कायद्याच्या छत्राखालीं आला. ज्या वास्तूची किंमत तोंपर्यंत तिच्या दगडांच्या बाजारभावानें होत होती, तिची किंमत आतां तिच्या इतिहासानें होऊं लागली.

स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं नवा कायदा झाला व वसईचा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांत गणला गेला. २०१० सालीं त्या कायद्यास दुरुस्ती होऊन दोन गोष्टी ठरल्या. रक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम करण्यास मनाई झाली. आणि त्यापुढील दोनशें मीटरांत परवानगीवांचून बांधतां येणार नाहीं असें ठरलें. स्मारकाची हानि करणाऱ्यास शिक्षाही वाढून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी झाली.

येथें एका गैरसमजाचा परामर्श घेणें अगत्याचें आहे. आपले कांहीं भाविक बंधु कळकळीनें विचारतात : हीं देवळें आपल्या पूर्वजांचीं, मग त्यांवर छप्पर घालून, भिंतींस गिलावा करून, तीं पूर्वीप्रमाणें कां उभीं करूं नयेत? या प्रश्नामागील प्रेमाविषयीं शंका नाहीं. तथापि त्याचें उत्तर समजून घेतलें पाहिजे. सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं पुराणवस्तु खात्यासाठीं जे नियम ग्रंथरूपानें घालून दिले, त्यांचें मुख्य तत्त्व असें कीं, जें आहे तें टिकवावें, जें गेलें तें कल्पनेनें नव्यानें रचूं नये. जुन्या भिंतींत नवा दगड घातला तर शंभर वर्षांनीं पाहणारास जुनें कोणतें व नवें कोणतें हें कळणार नाहीं, आणि मग सगळीच भिंत संशयास्पद होईल. साक्षीदार म्हातारा झाला, त्याचे दांत पडले, म्हणून आपण त्याच्या तोंडीं नवी जबानी घालीत नाहीं. पडक्या देवळाची साक्ष त्याच्या पडकेपणासह खरी आहे. १७३९ च्या तोफगोळ्यांनीं व त्यानंतरच्या पावसाळ्यांनीं जें केलें, तोही इतिहासच होय. भेग पडली तर ती सांधावी, मूळ रुजलें तर तें काढावें, पाणी मुरत असेल तर त्यास वाट करून द्यावी; परंतु भिंतीवर रंग चढवूं नये, नवे क्रूस वा नवे फलक ठोकूं नयेत. उपासनेविषयींही, जें स्थळ रक्षित ठरतेवेळीं उपासनेंत नव्हतें तेथें नवी उपासना सुरू करूं देऊं नये, असें खात्याचें सर्वसाधारण धोरण असतें. हा नियम एका धर्मापुरता नाहीं, सर्वांस सारखा आहे. फेब्रुवारींत संत गोन्सालो गार्सिया यांच्या स्मरणार्थ भाविक किल्ल्यांत जमतात, तेव्हां त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, आपण तेथें मालक म्हणून जात नसून यात्रेकरू म्हणून जात आहों. आमचीं जिवंत देवळें गांवोगांवीं उभीं आहेत. त्यांची दुरुस्ती, शोभा व गजबज करण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार आहे. किल्ल्यांतील देवळांकडे आमचें कर्तव्य एवढेंच कीं, तीं जशीं आपल्या हातीं आलीं तशींच पुढील पिढीच्या हातीं जावींत.

या रक्षणाची किंमत कोण देतो, हेंही न्यायबुद्धीनें सांगणें जरूर आहे. किल्ल्याला लागूनच कोळीवाडे आहेत. किल्लाबंदर व पाचूबंदर येथील कुटुंबें पिढ्यान् पिढ्या या तटाच्या सावलींत मासळी सुकवीत व जाळीं विणीत आलीं आहेत. वाढत्या कुटुंबास एक खोली वाढवावयाची झाली तरी कायद्याची हद्द आडवी येते. शहरांतून सहलीस येणारा पाहुणा घटकाभर भिंती पाहून, कधीं कधीं त्यांवर आपलें नांव कोरून, निघून जातो. बंधनाचा भार मात्र शेजाऱ्यावर पडतो. कायदा मोडावा असें म्हणणें नाहीं. पण परवानगीचा मार्ग गरिबास समजेल इतका सुलभ असावा, आणि स्मारकापासून होणारा लाभ प्रथम त्याच्या शेजाऱ्यांस मिळावा, एवढी मागणी रास्त आहे. ज्या लोकांना स्मारकाचा केवळ जाचच होतो, ते त्याचे राखणदार कसे होतील?

आणि राखणदारांवांचून कायदा पांगळा आहे. एवढ्या मोठ्या आवाराच्या प्रत्येक भिंतीपाशीं पहारेकरी उभा करणें कोणत्याही सरकारास शक्य नाहीं. अलीकडच्या काळांत वसईंतील तरुण, हिंदु व ख्रिस्ती, एकत्र येऊन बुरूज व विहिरी साफ करतात, माजलेलें रान काढतात, आणि येणाऱ्यांस किल्ल्याचा इतिहास समजावून सांगतात, ही समाधानाची गोष्ट होय. एक जण चिमाजी अप्पांच्या पराक्रमाचें स्मरण करून येतो, दुसरा संत गोन्सालो यांचें. पण झाडू दोघांच्याही हातीं सारखाच असतो. ज्या तटानें एके काळीं माणसांस दोन बाजूंस उभें केलें, तो आतां त्यांस एका कामावर आणीत आहे. किल्ल्याच्या पांच शतकांच्या आयुष्यांत याहून मोठा विजय क्वचितच झाला असेल.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, लेखणीनें ओळख दिली, कायद्यानें कुंपण घातलें, आतां उरलें तें आपलें काम. पुढील वेळीं मुलांस घेऊन किल्ल्यांत जाल तेव्हां त्यांस संत जोसेफच्या दरवाजावरील १६०१ चा लेख दाखवा. सान सेबास्तियनचा बुरूज दाखवा व तेथें दोन्हीकडून मेलेल्या शिपायांसाठीं क्षणभर शांत उभे राहा. नागेश्वराच्या देवळावरून जातांना आदरानें जा. भिंतीवर नांव कोरणाऱ्यास हटका, कबरींच्या दगडांवर कोणास चूल मांडूं देऊं नका, आणि घरीं एखादा जुना कोरीव दगड, कागद वा पोर्तुगीज लेख असेल तर तो आपल्या धर्मगुरूंच्या व जाणत्यांच्या नजरेस आणा. आपल्या पूर्वजांना जहाजांत बसून निघून जातां आलें नाहीं. ते येथें राहिले व त्यांनीं श्रद्धा राखली. त्यांच्या वंशजांस थोडे दगड राखणें कठीण वाटूं नये. दयाळू देव आपणां सर्वांस ती बुद्धि देवो.